कुणाचं नसलेलं झाड

वापॉ जन्मली त्या सकाळी तिच्या बापानं तिची नाळ बांबूच्या नळकांड्यात घातली, तोंडाला चिंधी कोंबली आणि गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या रानात जाऊन एका कोवळ्या फणसाला वेलीनं बांधली. त्या दिवशी रीतीप्रमाणे गावातलं कुणी शेतावर गेलं नाही. फणस तिचा झाला आणि ती फणसाची. पुढं लहानपणी ती तापानं फणफणली की आई आधी तिच्या कपाळाला हात लावायची आणि मग बापाला म्हणायची, "फणस बघून या. कुणी फांदी तर मोडली नाही ना."

तीलोखी गावात प्रत्येकाचं असं एक झाड. कुणाचं जांभूळ, कुणाचा आवळा, कुणाचं नुसतंच उंच वाढलेलं रानझाड. त्याला कुऱ्हाड लावायची नाही. चुकून घाव पडलाच तर कोंबडी द्यायची, झाडाच्या धन्याच्या मनगटाला दोरा बांधायचा आणि बिथरलेला आत्मा घरी बोलवायचा. मोठी माणसंही डोंगर उतरून कामाला जाताना वाट वाकडी करून आपल्या झाडाला हात लावून जात. कुणी बघत असलं तर लाजून खोडाची साल नखानं खरवडल्यासारखं करत.

वापॉचा बाप गावचा हीखो होता. शेताची जागा निवडणं, पहिलं बी टोचणं, भांडणं मिटवणं, सगळं त्याच्याकडे. तो गेल्यावर ते काम वापॉच्या धाकट्या भावाकडे, चासेकडे आलं, कारण ते बापाकडून मुलाकडेच जातं. वापॉला पद मिळालं नाही. तिला आईनं झाडं दिली. दर वर्षी कापणी झाली की आई तिला रानातून फिरवायची आणि एकेक खोड दाखवून नाव सांगायची. वीस वर्षांची होईतो वापॉला गावातल्या प्रत्येकाचं झाड डोळे मिटून सांगता येत होतं. "चासेला गाव मिळालं, मला रान," असं ती हसून म्हणायची. चासे म्हणायचा, "रान भांडत नाही, ताई. अदलाबदल करू या."

पण आईच्या शिकवण्यातला अर्धा भाग वेगळाच होता. माणूस मेलं की म्हातारे प्रेताभोवती फेर धरून गातात, आत्म्याला वाट सांगतात, आणि त्याच संध्याकाळी त्याचं झाड सुटं होतं. ते तोडायचं नाहीच, पण त्याच्याकडे बोटही दाखवायचं नाही आणि त्याच्या धन्याचं नाव तिथं घ्यायचं नाही. आत्म्यानं आपलं नाव ऐकलं तर तो मागं वळतो, आणि एकदा मागं वळलेल्याला पुढची वाट पुन्हा सापडत नाही. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: कुणाचं नाही. आई एका भल्यामोठ्या सावरीजवळ आली की चालता चालता सपाट आवाजात म्हणायची, "हे कुणाचं नाही." ती आजीची होती हे वापॉला ठाऊक होतं. आईचा हात नकळत त्या खोडाकडे जायचा आणि वाटेतूनच परत यायचा, तेही तिला ठाऊक होतं. पुढं एका वळवात वीज पडून ती सावरी कोसळली.

वापॉचं लग्न झालं. नवरा पलीकडच्या खोऱ्यातला, रीतीप्रमाणे तिच्या घरी राहायला आला. एक मुलगा झाला. त्याची नाळ बापानं एका आवळ्याला बांधली, वापॉच्या फणसापासून हाकेच्या अंतरावर. मूल दोन महिन्यांचं होऊन गेलं. पुढच्या कापणीनंतर रानातून फिरताना आवळ्यापाशी आली तेव्हा वापॉ म्हणाली, "हे कुणाचं नाही." आई तिच्या पुढं चालत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. नवराही काही वर्षांनी हिवतापानं गेला. वापॉनं दुसरं लग्न केलं नाही. ती मागावर विणत राहिली, भाताचं बियाणं जपत राहिली, आणि चैत्रात शेत पेटवायची वेळ ठरवत राहिली.

ते तिच्यासारखं गावात कुणाला जमत नसे. तीलोखीचे सात डोंगरउतार. एका वर्षी एक पेरायचा, बाकीचे सहा निजलेले. सातव्या वर्षी पुन्हा पहिल्याकडे यायचं, तोवर तिथं माणसाच्या मांडीएवढी झाडं झालेली. ती कमरेएवढी ठेवून तोडायची म्हणजे बुंधे जिवंत राहतात, पाला वाळू द्यायचा, कडेनं पाच-सहा हात पट्टा झाडून स्वच्छ करायचा आणि आग वरून खाली लावायची. खालून लावली तर ती पळत सुटते. वापॉ वाळका पाला मुठीत चुरडून वास घ्यायची, मग गालाला वारा लागेपर्यंत नुसती उभी राहायची. कधी म्हणायची, आज नाही. दोनशे माणसं हातात पलिते घेऊन आलेली असायची आणि मुकाट्यानं परत जायची. चासे एकदा वैतागून म्हणाला होता, "माणसांनी कामं सोडून यायचं, आणि तुझा गाल म्हणणार नाही." पण त्याच आठवड्यात शेजारच्या गावाची आग रानात शिरली, आणि त्यानंतर तो तिच्या गालाबद्दल काही बोलला नाही.

नंतर खाली च्यांगमाई शहरात दर उन्हाळ्यात धुराचा कोंडमारा होऊ लागला. विमानं उतरेनात, मुलं खोकू लागली. धूर सखल भागातल्या मक्याच्या मोठ्या शेतांमधून येत होता, कारखान्यांमधून येत होता, सीमेपलीकडूनही येत होता, पण डोंगरावरची आग सगळ्यांना दिसत होती. वरून उपग्रह बघायचा आणि जिथं लाल ठिपका उमटेल तिथं माणसं येऊन गुन्हा नोंदवायची. दोन वर्षं तीलोखीनं चोरासारखं शेत पेटवलं. तिसऱ्या वर्षी एक प्रकल्प आला. हवामानासाठी डोंगरातल्या लोकांचं शहाणपण वापरायचं, असं त्यात लिहिलेलं होतं. चासेची मुलगी सिरिन च्यांगमाईत शिकून त्याच प्रकल्पात दुभाषी म्हणून लागली होती. तिनं सगळं समजावून सांगितलं. जंगलाची हद्द कागदावर आली त्याला त्र्याऐंशी वर्षं झाली. जे गाव त्याआधीचं ठरेल त्याला आपले सातही उतार राहतील, तिथं पूर्वीसारखं पेटवता आणि पेरता येईल. जे गाव नंतरचं ठरेल, त्याचे निजलेले उतार जंगल समजले जातील आणि हवेतला कार्बन धरून ठेवण्यासाठी कायमचे राखले जातील.

"मग त्यात मोजायचं काय आहे," चासे म्हणाला. "आपण इथंच आहोत."

"ते सिद्ध करायचं आहे, बाबा. कागद आहे का आपल्याकडे?"

कागद नव्हता. सिरिननं सुचवलं, झाडं दाखवू या. माणूस जन्मलं की झाड बांधलं, म्हणजे झाड म्हणजे जन्माचा दाखलाच. ही युक्ती सगळ्यांना आवडली. आणि झाडं दाखवायला वापॉशिवाय कोण होतं.

पाहणीला पिचेत आला. शहरातला, तिशीतला, मऊ बोलणारा. वापॉला तो पहिल्याच दिवसापासून सगळ्यांसारखं 'मूगा' म्हणू लागला, म्हणजे आत्या. त्यानं झाडांना ठोकायला नंबराचे पत्रे आणि खिळ्यांची पिशवी आणली होती. वापॉनं पिशवी हातात घेऊन वजन पाहिलं.

"किती खिळे आहेत?"

"दोनशे, मूगा."

"म्हणजे दोनशे कोंबड्या. पाळल्या आहेस का?"

पिचेतला कोंबड्यांचं समजावून सांगितल्यावर तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्यानं पत्रे दोऱ्यानं बांधले. गावात दोन दिवस वापॉच्या या विजयाचीच चर्चा होती.

चार दिवस ती त्याला रानातून फिरवत होती. हे म्हाताऱ्या तोलाचं, हे तोलाच्या नातीचं, हे चासेचं, हे सिरिनचं, बघ किती वाकडं वाढलंय, शहरात गेली ना. पिचेत नाव लिहायचा, वय विचारायचा, पत्रा बांधायचा. चौथ्या दिवशी ते एका जांभळाखाली आले. दोन माणसांच्या कवेत न मावणारं खोड, मुळं गुडघ्याएवढी वर आलेली. पिचेत मान वर करून बघत राहिला.

"आणि हे कुणाचं, मूगा?"

ते तिच्या आईचं होतं. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. वापॉ सपाट आवाजात म्हणाली, "कुणाचं नाही."

"एवढं मोठं, आणि कुणाचं नाही?"

"कुणाचं नाही."

पिचेतनं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, इथं उजेड छान आहे, उभ्या राहता का. वापॉ जांभळाला पाठ करून उभी राहिली. खोडाला ती टेकली नाही.

पाऊसकाळ संपल्यावर तिला च्यांगमाईतल्या एका हॉटेलात बोलावलं. तिथं मोठी परिषद होती. आयोजकांपैकी एका बाईंनी सिरिनजवळ पांढरा लांब झगा पाठवला, हातमागाचाच होता, मंचावर उठून दिसेल म्हणून. पांढरा झगा कुमारिका घालतात. वापॉनं तो उलगडून पाहिला.

"अडुसष्टाव्या वर्षी मला परत लग्नाला उभी करताय का गं?"

हसून हसून सिरिनच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणी बघितलं तर आपला फायदाच आहे, मूगा. घरजावई मिळेल." पण वापॉ लग्न झालेल्या बायांच्या, बिया शिवलेल्या आपल्या काळ्या चोळीतच मंचावर गेली. आग वरून खाली का लावायची, बुंधे कमरेएवढे का ठेवायचे, शेजाऱ्याला तीन दिवस आधी का सांगायचं, हे तिनं सांगितलं आणि सिरिननं त्याचं भाषांतर केलं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. एक मंत्रालयातला माणूस तिच्या हाताशी वाकून म्हणाला की आम्ही तुमच्याकडून शिकलं पाहिजे. तिला ते खरं वाटलं. का वाटू नये.

बाहेर टेबलावर अहवाल मांडले होते. मुखपृष्ठावर वापॉच होती, जांभळाखाली उभी. खाली नाव नव्हतं, 'ज्ञानाची राखणदार' असं लिहिलं होतं. सिरिन एक प्रत घेऊन खुर्चीत बसली आणि तीलोखीचं पान शोधू लागली. बराच वेळ ती वर बघेना. वापॉनं विचारलं, काय लिहिलंय.

"गावाचं वय. एकोणऐंशी वर्षं."

"एकोणऐंशीचा तर तोला आहे."

"हो. नोंदवलेल्या झाडांमध्ये सगळ्यात जुनं त्याचंच आहे. म्हणजे गाव तेव्हा सुरू झालं, असं त्यांनी धरलंय." सिरिनला बोटांवर मोजायची गरज नव्हती. "चार वर्षं कमी पडतात, मूगा."

तोलाची थोरली बहीण शहाऐंशीची होऊन गेली होती, पाहणीच्या चार महिने आधी. तिचं झाड तोलाच्या झाडाच्या शेजारीच होतं. वापॉ त्याच्या जवळून पिचेतला घेऊन गेली होती.

सिरिन मुखपृष्ठाकडे बघत होती. ती गावातलीच पोर, तिला समजायला वेळ लागला नाही, पण विचारायला लागला. "हे मागचं झाड..."

वापॉनं अहवाल तिच्या हातातून घेतला आणि पालथा करून टेबलावर ठेवला.

हरकती घ्यायला एक महिन्याची मुदत होती. गावात दोन बैठका झाल्या. सगळ्यांना माहीत होतं की मेलेल्यांची झाडं सांगितली तर काम होईल, आणि कुणीच ते म्हणत नव्हतं. दुसऱ्या बैठकीनंतर चासे बहिणीच्या घरी आला. तिनं पुढं केलेला चहा त्यानं घेतला नाही.

"तुझ्या मनात काय आहे ते मला दिसतंय," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी चौथा उतार आहे. बियाणं टोपलीत आहे. दोन वर्षं पेरलं नाही तर ते उगवणार नाही, चासे. ते बी आईच्या आईपासून आलंय."

"आणि आई वळली तर? परत पाठवायचं गाणं नाहीये आपल्याकडे. बोलवायचं आहे, पाठवायचं एकदाच. मी हीखो आहे, मला माहीत आहे."

"मला माहीत नाही का?"

"ती माझीही आई आहे," चासे म्हणाला. मग बराच वेळ तो चुलीतली राख काडीनं सारखी करत बसला. जाताना शिडीवर थांबून म्हणाला, "मी नाही म्हणत नाही. पण मी तिथं येणार नाही."

पिचेत एकटाच आला. सिरिननं फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी आला, हे वापॉनं त्याच्या बाजूनं नेहमी सांगितलं. सिरिन दोघांच्या मागून चालत होती. जांभळाखाली आल्यावर वापॉनं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. तिनं बोट दाखवलं नाही. पूर्ण पंजा खोडावर ठेवला. अकरा वर्षांनी.

"हे शीपॉचं," ती म्हणाली. "माझ्या आईचं. आता असती तर ब्याण्णव वर्षांची असती."

रानात काही झालं नाही. पानं होती तशीच होती. सिरिन रडत होती म्हणून पिचेत काही विचारायला बिचकला, मग त्यानं नाव पुन्हा विचारून नीट लिहून घेतलं, म्हणजे वापॉला ते दुसऱ्यांदा घ्यावं लागलं. तिथून तिनं तोलाच्या बहिणीचं दाखवलं, एका जुन्या शिकाऱ्याचं दाखवलं, विजेनं पडलेल्या सावरीचा कुजका बुंधा दाखवला आणि आजीचं नाव सांगितलं. अकरा नावं. परतताना फणसाजवळ पिचेतचं लक्ष एका आवळ्याकडे गेलं. आटोपशीर झाड होतं, फळांनी लगडलेलं.

"आणि हे, मूगा?"

"कुणाचं नाही," वापॉ म्हणाली आणि थांबली नाही.

उत्तर सहा आठवड्यांनी आलं. सिरिननं ते ओसरीवर बसून वाचलं, चासे शिडीच्या खालच्या पायरीवर उभा राहून ऐकत होता. भाषा सभ्य होती. स्थानिक समुदायाच्या ज्ञानाचा प्रकल्पाला आदर आहे. परंतु नव्यानं सांगितलेली झाडं मृत व्यक्तींची असून त्यांच्या वयाला दुसरा आधार नाही. झाड जुनं आहे एवढ्यानं गाव जुनं ठरत नाही, कारण झाड रानातही आपोआप वाढतं. शिवाय पहिल्या पाहणीत याच माहितीदार महिलेनं सदर जांभळाचं झाड 'कुणाचंही नाही' असं दोनदा सांगितल्याची नोंद आहे. सबब तिचं नंतरचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही.

"दोनदा का सांगितलंस?" चासेनं विचारलं. त्याला रागवायचं नव्हतं, पण आवाज तसा लागला.

"त्यानं दोनदा विचारलं."

सहाही निजलेल्या उतारांवर हिरव्या पाट्या लागल्या. पेरायला एकच उतार राहिला, तोही दमलेला. दुसऱ्या वर्षी त्यात भातापेक्षा गवत जास्त झालं आणि गाव बाजारातून तांदूळ आणू लागलं. चैत्रात तरुण पोरं पलिते न घेता उगाच उतारापर्यंत जाऊन येत. न पेटवलेला सहा वर्षांचा पाला खाली साचत चालला होता, आणि तो एक दिवस आपणहून पेटेल तेव्हा वरून खाली पेटणार नाही, हे वापॉला ठाऊक होतं. तिनं ते सिरिनकरवी लिहून कळवलं. पोच आली. धन्यवाद दिले होते.

दमलेल्या उतारावर न टाकता राखून ठेवलेलं टोपलीतलं बी तिनं दुसऱ्या पावसात मूठभर ओलं करून बघितलं. मोड फुटून चारच दाणे तडकले.

पुढच्या थंडीत सिरिन आली ती थोडी अवघडलेली. परिषद यंदाही होती. या वेळी मोठ्या शहरात, परदेशी पाहुणे येणार होते. त्यांना मूगाच हवी होती.

"मी त्यांना नाही म्हणूनच सांगणार होते," सिरिन म्हणाली, "पण म्हटलं तूच ठरव."

"फोटो पण काढणार असतील."

"काढतील."

"झाड घेऊन जा म्हणावं त्यांना मग. माझ्याशिवायही उभं राहतं ते." वापॉ माग सोडून उठली. "तू सोड गं ती नोकरी. नाहीतर नको सोडूस. घरात कुणाला तरी कमावायला पाहिजे."

ती चुलीकडे गेली. भात झाला होता. तिनं सिरिनला वाढला, स्वतःला घेतला, आणि तिसरी वाटी भरून शिडीच्या वरच्या पायरीवर नेऊन ठेवली. जांभळाखाली आईचं नाव घेतलं त्या दिवसापासून ती रोज ठेवत होती. वळलेल्याला पुढची वाट नसते, निदान जेवण तरी असावं. चासे हल्ली त्या पायरीवर पाय न ठेवता शेजारून चढत असे, पण त्यानं त्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. एकदा वाटीत त्यानं मिरचीचा ठेचा ठेवलेला तिनं पाहिला होता, आईला आवडायचा तसा, भाजक्या मिरचीचा.

सिरिन घास हातात धरून त्या वाटीकडे बघत राहिली. भात पांढरा आणि सुटसुटीत होता, यंत्रावर सडलेला, वास नसलेला.

वापॉ दारात उभी होती. तिच्या आईनं जन्मात कधी विकतचा तांदूळ खाल्ला नव्हता.